उजव्या बाजूची पट्टी

अण्णा, गाडी खालून पूर्ण खरवडून झाली आहे. गेले सात आठवडे मी रोज सकाळी डबा घेऊन गॅरेजमध्ये जाते आणि दुपारी काळे हात घेऊन घरी येते. तुमची ती दोन दारांची, काळपट हिरवी गाडी तुम्ही गेल्यापासून एकतीस वर्षं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. इंजिनाला मी हात लावलेला नाही, रंगालाही नाही. मला फक्त तिची खालची बाजू बघायची होती. मागच्या डाव्या चाकाचा तो एक बोल्ट त्रेचाळीस वर्षांपूर्वी मी नीट आवळला होता की नव्हता, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. नोकरी होती तोवर वेळ नाही असं म्हणता येत होतं. मार्चमध्ये निवृत्त झाले आणि ते म्हणायची सोय राहिली नाही. गाडी टोचन करून नेली त्या दिवशी आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "काय शोधतेस त्या डब्यात? माझा पाय सापडणार आहे का?"

तुमच्या कारखान्यातला परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ही गाडी तुम्हाला विकून गेला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बिबवेवाडीत तेव्हा घरांपेक्षा शेतं जास्त होती आणि आपल्या गल्लीत मोजून दोन स्कूटर होत्या. गाडी दारात आली तेव्हा शेजारचे काका चष्मा पुसून बघायला आले. "दोनच दारं? मग मागच्यांनी काय खिडकीतून चढायचं?" तुम्ही बॉनेटवरून हात फिरवत म्हणालात, "मागच्यांना बोलावलंय कुणी?" काका दोन महिने आपल्याशी बोलले नाहीत. मागे मीच बसायची. सोलापूर रस्त्याला लागल्यावर तुम्ही गिअर बदलता, इंजिनाचा आवाज जड होतो आणि सीट पाठीला चिकटते. एरवीही तुम्ही मोजकंच बोलायचात, पण काटा शंभरच्या पुढे गेला की अगदी गप्प व्हायचात, आणि मला मागून फक्त तुमचा कान दिसायचा, लाल झालेला. तुम्ही खूश आहात हे मला त्या कानावरून कळायचं. दुसऱ्या कशावरून ते कळल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी गाडीचं काम. चाक धरून ठेवणारा आर्म गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो आणि त्यातून बोल्ट जातो. गाडी जॅकवर असताना तो बोल्ट पूर्ण आवळायचा नाही, हे तुम्ही मला पहिल्याच रविवारी शिकवलंत. चाक लोंबकळत असताना आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहून वर्षभरात फाटतं. म्हणून आधी अर्धवट आवळायचा, मग चारही चाकं जाड फळ्यांवर उभी करायची, आत माणसाचं वजन ठेवायचं आणि मग खाली शिरून शेवटचा वेढा द्यायचा. वजन म्हणून तुम्ही आईला आत बसवायचात. ती मांडीवर परात घेऊन मेथी निवडत बसायची. एकदा म्हणाली, "अहो, मी काय तराजूतलं माप आहे?" तुम्ही म्हणालात, "माप नाही. पण वजन आहे." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही.

फळ्यांवरच्या गाडीखाली तुम्ही मावत नव्हता. मी मावत होते. गोणपाटावर पाठ टेकून आत सरकायचं, पाना लावायचा, दोन्ही हातांनी ओढायचं. तुम्ही मडगार्डजवळ उकिडवे बसून विचारायचात, "आवळला?" आणि मी म्हणायची, "हो." तुम्ही परत तपासलं नाही, एकदाही नाही. कारखान्यात तुम्ही दुसऱ्यानं मोजलेलं माप स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हता, हे मला माहीत होतं. माझ्या एका 'हो'वर मात्र तुम्ही शंभरच्या वेगानं गाडी चालवत होता. तेवढ्या चार वर्षांत मला जो मान मिळाला तो नंतर मला कुठेही मिळाला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

मग तो रविवार. शनिवार पेठेत मामाकडे जेवायला जायचं होतं आणि उशीर झाला होता. माझी बारावीची परीक्षा जवळ आलेली, म्हणून मी घरीच थांबणार होते. तुम्ही विचारलंत, मी 'हो' म्हणाले, बाहेर येऊन हात धुतले आणि पुस्तक उघडलं. तासाभरात निरोप आला. सातारा रस्त्यावर गाडी वडाच्या झाडावर गेली होती. तुमच्या कपाळाला चार टाके पडले आणि आईचं खुब्याचं हाड मोडलं. झाडावर आपटण्याआधीच मागचं डावं चाक तिरकं होऊन गाडी फिरली, असं मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं सांगितलं. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुम्ही बाकावर बसला होता. सदऱ्यावर रक्त वाळलेलं. मी समोर उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू हो म्हणाली होतीस."

  शेवटचा वेढा दिला होता की नाही हे मी तिथेच आठवायला लागले, आणि जितकं आठवायचा प्रयत्न केला तितकं ते पुसट होत गेलं. आजही डोळे मिटले की पाना दिसतो, हात दिसतात, पण ते कुठल्या रविवारचे ते सांगता येत नाही.

आई चार महिने अंथरुणावर होती. उठली तेव्हा डावा पाय इंचभर आखूड झाला होता. गाडी तुम्ही शेडमध्ये आणलीत आणि एकट्यानं दुरुस्त केलीत. दार आतून लावलेलं असायचं. वेल्डिंगच्या गॅसचा वास यायचा, कानशीचा आवाज यायचा. मी ओट्याशी पोळ्या लाटत ऐकायची आणि वाटायचं, आता हाक मारतील. त्या काळात मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाचा फॉर्म आणून ठेवला होता. तुमच्या टेबलावर तो आठ दिवस पडून राहिला. नवव्या दिवशी मी तो उचलला आणि कॉमर्सचा भरून आणला. तुम्ही सही केलीत. म्हणालात, "बरं." तुम्ही मला अडवलं नाहीत, हे मला मान्य आहे. सही करताना तुम्ही वर बघितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

नंतर विमा कंपनीत एकोणचाळीस वर्षं काढली. पहिली काही वर्षं सोडली तर वाहन अपघाताच्याच फायली. प्रत्येक फाइलमध्ये तपासनिसाचा अहवाल असतो आणि त्यात अपघाताच्या कारणाचा रकाना असतो. बाकी अहवाल वाचण्याआधी मी तो रकाना वाचायची. बरोबरच्या बायका म्हणायच्या, ही कादंबरी शेवटाकडून वाचते.

गॅरेजवाला इथलाच, जुन्या गावातला. त्याच्या आजोबांच्या ज्वारीच्या रानात आता त्याची लिफ्ट उभी आहे. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, मी गाडी सोडून घरी जाईन. मी जुना पंजाबी ड्रेस घालून वायर ब्रश मागितला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, गंज हाताला लागंल." मी म्हटलं, "लागू दे. हातही जुनेच आहेत." तेव्हापासून त्यानं मला वेगळं स्टूल दिलं आहे. तुम्ही दर मे महिन्यात पावसाआधी गाडीच्या पोटाला डांबर फासायचात. ते आम्ही पत्रीनं खरवडून काढलं. त्याचे थर निघत गेले, आणि थरांच्या मधे चिखल होता. वाळलेला, तांबडा, कुठे गवताची काडी अडकलेला. तुम्ही कधी खरवडलंच नव्हतं. तुमच्याकडे एकच रविवार असायचा आणि खरवडायला महिना लागतो, हे आता मला कळतं. पण वरून गाडी काळी तुकतुकीत दिसायची, आणि आत पाणी धरून ठेवलेलं.

गेल्या गुरुवारी आम्ही मागच्या डाव्या बाजूला पोचलो. बोल्ट धरून ठेवणारा गाडीच्या अंगाचा जो लोखंडी कान असतो, त्यावरचं डांबर निघालं. गॅरेजवाल्यानं बॅटरी मारली आणि म्हणाला, "ह्यो कंपनीचा न्हाई. घरी बनवलाय. पण हात बसलेला हाय बघा, वेल्डिंगचा टाका कसा सरळ गेलाय."

मी ओळखला तो टाका. आपल्या फाटकाला तसाच आहे.

मी विचारलं, "बोल्ट सैल राहून निसटला असेल, म्हणून असं झालं असेल का?"

"बोल्ट निसटला असता तर नवा बोल्ट टाकला असता. कान कशाला बनवतोय कोण? पत्रा सडून कानच उपटून आलाय, बोल्टासकट. चिखलावर डांबर मारलं ना कुणीतरी." मग तो उजव्या बाजूला गेला. तिथेही त्यानं खरवडलं, आणि जरा वेळानं मला हाक मारली. "हिकडं या. ही बाजू मोडली नव्हती. जुना कान जाग्यावर हाय. तरी बी वरनं पट्टी मारलीय, तीच जाडी, तोच टाका. ज्यानं केलं त्याला कळलं हुतं मॅडम, कशानं मोडलं ते."

मी स्टुलावर बसले. त्यानं चहा मागवला.

अण्णा, नवा कान बसवायचा तर उपटलेला जुना कान आर्मपासून सोडवावा लागतो. त्यासाठी नट उलटा फिरवावा लागतो. तुम्ही पाना लावला असेल तेव्हाच, पहिल्या झटक्यात, तुमच्या हाताला कळलं असणार की तो घट्ट आहे. तुम्ही इंचाच्या हजाराव्या भागाची चूक हातानं ओळखणारे. म्हणजे शेडचं दार आतून लावलेलं होतं त्याच दिवसांत कधीतरी तुम्हाला कळलं. फॉर्म टेबलावर पडून होता तेव्हाही कदाचित कळलेलं होतं. त्यानंतर तुम्ही बारा वर्षं जगलात. बारा वर्षं रोज सकाळी मी तुम्हाला चहा दिला. शेवटच्या आजारात पंधरा दिवस मी तुमच्या उशाशी होते आणि तुम्ही मला पाणी मागितलंत, पेपर मागितलात, पंखा कमी करायला सांगितलंत. उजव्या बाजूला पट्टी मारायला तुम्हाला अख्खा एक दिवस लागला असेल. मला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी तुमची बाजू मांडून बघितली. स्वतःच्या डांबरानं बायको अधू झाली हे स्वतःशी म्हणणं किती कठीण असेल. आधी मला बोललेलं परत घेणं त्याहून कठीण. असं म्हणून बघते, आणि मग मला आईचं चालणं ऐकू येतं, स्वयंपाकघरातून माजघरापर्यंत, एक पाऊल जड, एक हलकं. त्या प्रत्येक पावलाला मी त्रेचाळीस वर्षं मनातल्या मनात क्षमा मागितली आहे. मग तुमची बाजू मला मांडता येत नाही.

काम थांबवलेलं नाही. सडलेला पत्रा कापून नवा लावला, रेड ऑक्साइड मारलं, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर नवे घातले. परवा बुश बसवले. गॅरेजवाला गाडी वर असतानाच मशीन लावून आवळायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. "पूर्ण नाही. गाडी खाली उभी राहिल्यावर." तो म्हणाला, "मॅडम, सगळी वरच आवळत्यात." मी म्हटलं, "म्हणूनच सगळ्यांचे फाटतात." मग मी त्याला कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मशीन खाली ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही हापिसात काय करत बसलात ओ एवढी वर्षं? गॅरेज काढायचं सोडून." तो कौतुकानं म्हणाला होता. मी नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

आता आईबद्दल. तिनं मला त्या अपघाताबद्दल आजवर एका शब्दानं दोष दिलेला नाही. तिनं मला माफ केलं, असं मी धरून चालले आणि त्या बळावर या घरात राहिले. गुरुवारी घरी आले तेव्हा ती जेवायची थांबली होती. म्हणाली, "सापडलं का, शोधत होतीस ते?"

"गंज सापडला."

"त्यासाठी सात आठवडे? मला विचारलं असतंस तर घरबसल्या सांगितलं असतं."

ती असंच बोलते. तुम्हाला ठाऊक आहे, ती कशालाही असंच बोलते. मी ताटं घेतली, आमटी वाढली, आणि पट्ट्यांबद्दल काही बोलले नाही. तुमची अब्रू राखली, असं त्या रात्री मी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. तुम्ही शेडमध्ये काम करत होता तेव्हा ती भिंतीपलीकडच्या खोलीत पडून होती आणि तुम्ही जेवायला तिच्याजवळच बसायचात. मी तिला सांगितलं असतं आणि ती भात कालवता कालवता म्हणाली असती, "मला माहीत होतं." त्या भीतीनं मी गप्प बसले.