पेटी संग्रहालयात नाही, व्याहीबुवा

आदरणीय व्याहीबुवा इशेनकुल यांना काराकोलहून बेइशेनालीचा छातीवर हात ठेवून सलाम.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? माणसं-जनावरं सुखरूप आहेत ना? ती पांढरी घोडी व्याली का? (व्याली असेल तर अभिनंदन. नसेल तर तिला उघड्यावर बांधू नका, तुमच्या त्युपला तळ्यावरून फार बोचरा वारा येतो. घोडी तुमची असली तरी इथे मला तिची काळजी लागून राहिली आहे.) विहीणबाई सल्किनाय यांना आमच्या झुराकानचा नमस्कार सांगा. किंवा नकाच सांगू. हे पत्र आलं आहे हेच त्यांना कळता कामा नये. त्युपची गाडी चालवणारा माझा भाचा तुम्हाला गोठ्यामागे बोलावून हे देईल. त्याचा चेहरा लांबट आहे तो जन्मापासून तसाच आहे. घाबरू नका, इकडे कोणी गेलेलं नाही.

आम्ही ठीक आहोत. म्हणजे झुराकान ठीक आहे, मला धडधड होते, जेवणावर वासना नाही. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे जन्मभर बॉयलरघरात कोळसा ओढला, तेव्हा अक्षराला आणि मांडणीला नावं ठेवू नका. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो आणि आज तर मुद्द्याचीच भीती वाटते आहे.

माझ्या नादाबद्दल तुमच्या कानावर आलं असेलच. बसस्टँडजवळच्या चार मजली इमारतींतले लोक हल्ली घरातलं अस्सल अक्रोडाचं, भूर्जाचं सामान कचरापेट्यांशेजारी आणून ठेवतात आणि भुसा दाबून केलेली चकचकीत कपाटं विकत घेतात. ती कपाटं दोन हिवाळ्यांत फुगतात. मला ते बघवत नाही. मी हातगाडी घेऊन जातो, खुर्च्या, बाकं, काचेची कपाटं, जे मिळेल ते आणतो, खरवडतो, सरस लावतो, जवसाच्या तेलाने पुसतो. झुराकान शेजारणींना सांगते, "सगळं गाव कचरा घराबाहेर टाकतं, आमचा म्हातारा तोच घरात आणतो. उद्या मला कोणी उचलून बाहेर ठेवलं तर मला तरी ओळखून परत आणील की नाही कोण जाणे!" (आणीन. पण तिला ते पटत नाही.) आमच्या पडवीत इतक्या खुर्च्या झाल्या आहेत की एकदा एक अनोळखी बाई येऊन बसली आणि विचारायला लागली, डॉक्टर किती वाजता येतात.

तर बर्फ वितळत होतं त्या सुमारास मला एक पेटी मिळाली. मुलीबरोबर सासरी जाते तशी, पत्र्याच्या नक्षीदार पट्ट्या मारलेली जुनी मोठी पेटी. कचऱ्याच्या जागेपासून जरा बाजूला, छपराखाली सरकवून ठेवलेली. टाकणाऱ्याने वरून मेणकापड घालून चारी बाजूंनी नीट खोचलं होतं. मी तेव्हाच झुराकानला म्हणालो, टाकतानासुद्धा पावसाची काळजी करणारा हा माणूस मनाने वाईट नसणार. (हे मी आज तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तेव्हा खरंच म्हणालो होतो. तिला विचारा. किंवा तिलाही विचारू नका.)

त्या पेटीवर मी उन्हाळाभर राबलो. पत्र्यावर मेंढीच्या चरबीचा आणि धुराचा थर होता, तो राखेने आणि व्हिनेगरने घासून काढला तेव्हा खालून मोराच्या पिसांसारखी नक्षी निघाली. तळाची फळी किड्यांनी चाळण केली होती, तिथे शाळेच्या जुन्या बाकाची फळी बसवली. बिजागऱ्या बदलल्या. सरस शिजवला तर असा वास सुटला की शेजाऱ्यांनी मेलेलं जनावर शोधायला अंगण उकरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या गोळ्या-चॉकलेटांचे कागद चिकटवलेले होते आणि मधोमध कुठल्याशा मासिकातलं एक चित्र, लाल रुमाल बांधलेली, ट्रॅक्टरवर बसून हसणारी बाई. ते मी खरवडलं नाही, वरून पातळ रोगण दिलं. झुराकानने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "ही कोण बया?" आठवड्याभरात तिच्याशी बोलायला लागली. "काय गं, तुझं बरं आहे, बसल्या जागी नांगरणी," असं म्हणून झाकण लावायची.

मग तुमच्या मुलाचं, एर्निसचं, आणि आमच्या बेगायिमचं जमलं. तुम्ही येऊन तिच्या कानात सोयरिकीच्या कुड्या घालून गेलात. आमच्या नातीबरोबर जायला पेटी तयारच होती. झुराकानने तिच्यात कपडे भरले, वर दुलयांची चवड रचली ती छताला टेकली. गल्लीतल्या सगळ्या बायका बघून गेल्या आणि मी कधी नव्हे ते ताठ मानेने पाण्याला जाऊ लागलो.

त्यानंतर आम्ही तुमच्याकडे परतभेटीला आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतो. झुराकान नशिबाने अंगणात बायकांबरोबर होती, तेव्हा विहीणबाईंनी चहा ओतता ओतता सांगायला सुरुवात केली की आता सोफा आहे त्या भिंतीशी त्यांच्या सासूबाईंची पेटी असायची. "पेटी कसली, राणी होती ती! झाकणाच्या आत एक ट्रॅक्टरवाली होती, आमच्या सासूबाई रोज सकाळी झाकण उघडून आधी तिला सलाम करायच्या, मग आम्हाला शिव्या द्यायच्या. आता संग्रहालयात आहे, काचेत. आमच्या यांनी स्वतः नेऊन दिली. होय ना हो?" आणि तुम्ही म्हणालात, "घोडी ओरडते आहे वाटतं," आणि उठून गेलात. घोडी ओरडत नव्हती, व्याहीबुवा. माझ्या घशात चहाबरोबरचा तळलेला बोर्सोक अडकला होता, तो आवाज माझा होता.

तेव्हापासून मला चैन नाही. तुम्हीच विचार करा. लग्नाच्या दिवशी पेटी तुमच्या घरात उतरणार. तुमच्या वहिन्या, बहिणी कडं करून बसणार, रिवाजाप्रमाणे भेट घेऊन झाकण उघडणार, आणि ती बाई ट्रॅक्टरवरून थेट विहीणबाईंकडे बघून हसणार. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही खोटे ठराल, नाहीतर मी संग्रहालय फोडलं असं ठरेल. (माझ्याकडे बघून लोकांना दुसरंच आधी पटेल. मी हातगाडीवाला.) आणि आमची बेगायिम पडद्यामागे मान खाली घालून हे सगळं ऐकत असेल. नव्या सुनेचा पहिला दिवस आणि घरात कचऱ्यावरून भांडण! ते भांडण कधीतरी मिटेल, पण "तुझ्या आजोबाने आमचाच उकिरडा आम्हाला आंदण दिला" हे वाक्य मिटणार नाही. त्या पोरीला तुमच्या घरात जन्मभर चहा ओतायचा आहे. आई लहानपणी गेली तेव्हापासून ती आमच्याजवळ आहे. तिने आजवर आमच्याकडे काही मागितलं नाही. पेटी बघून मात्र एवढंच म्हणाली होती, "आजोबा, ही खरंच माझी?"

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नका. आधी त्या बाईवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर चिकटवलं. रोगणावर खळ धरेना. डोंगर एका कोपऱ्यातून सुटला आणि मागून बाईचा एक डोळा दिसू लागला, ते तर आणखीच भयंकर. मग बाजारातून नवी पेटी आणली, वरून सोनेरी कागद. झुराकानने बोटाने टकटक करून पाहिली आणि म्हणाली, "यात नातीला पाठवायचं? हिच्यात सफरचंदंसुद्धा रुसतील." खरं कारण तिला सांगता येईना. (झुराकानच्या पोटात गोष्ट राहते, पण तिच्या पोटातली गोष्ट तिच्या बहिणीच्या पोटात राहत नाही.)

शेवटी मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला अभिमान वाटला. पेटी मीच संग्रहालयाला देऊन टाकावी, म्हणजे तुमचं बोलणं खरं होईल. झुराकान बहिणीकडे गेल्याचं बघून मी दुलया उतरवल्या, पेटी हातगाडीवर चढवली आणि बाजारामागच्या त्या लहानशा संग्रहालयात नेली. तिथल्या बाईंनी दारातूनच हात जोडले. "आजोबा, तळघरात पेट्यांवर पेट्या रचल्या आहेत, आता तुम्हीच एखादी घेऊन जा." मग जवळ येऊन पेटीकडे निरखून पाहू लागल्या. "थांबा, ही तर मी एकदा परत पाठवली आहे. एक गुडघा धरून चालणारे गृहस्थ घेऊन आले होते. नाही म्हटल्यावर पायरीवर बसून राहिले बिचारे. म्हणाले, आता घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

तेव्हा मला सगळं कळलं, व्याहीबुवा. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही पेटी संग्रहालयात नेलीत हे खरं आहे. ती तिथे राहिली एवढंच तुम्ही पदरचं घातलंत. आणि मेणकापड तुम्हीच खोचलं होतं.

मी पेटी परत आणली, दुलया पुन्हा रचल्या. (उलट्या क्रमाने रचल्या गेल्या, झुराकानने ओळखलं, मी उंदराचं नाव सांगितलं.) आता मला काही सुचत नाही. तुम्ही वयाने मोठे, जग पाहिलेले. काय करू ते भाच्याजवळ तोंडी कळवा. नुसतं "नवी पाठवा" म्हणालात तरी मी झुराकानशी भांडून नवी पाठवीन. बेगायिमला काय सांगायचं ते बघू.

तुमच्या दारात नेहमी पाहुणे येवोत आणि तुमची झोप माझ्यासारखी न होवो, ही इच्छा.

आपला नम्र व्याही,
बेइशेनाली

ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. आत्ता विहीणबाई येऊन गेल्या. बाजारात कापड घ्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, सुनेचं सामान बघून जाते. मी आडवा आलो, पेटीला ओला रंग आहे म्हणालो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, झुराकानला दुलया उतरवायला लावल्या, झाकण उघडलं, डोकावणारा डोळा पाहून नखाने डोंगर सोलून काढला आणि ट्रॅक्टरवालीला हात कपाळाला लावून सलाम केला. मी भिंत धरली. मग त्या म्हणाल्या, "व्याही, बसा, पडाल. पेटी संग्रहालयात नाही हे मला कधीचंच ठाऊक आहे. बहिणींना घेऊन, नवा रुमाल बांधून गेले होते मी संग्रहालयात आमची पेटी दाखवायला! सगळी काचेची कपाटं पालथी घातली. घरी येऊन एक शब्द बोलले नाही. प्रत्येक पाहुण्यासमोर त्यांना विचारते, होय ना हो, आणि ते घोडी बघायला जातात. त्या घोडीला इतकं कोणी बघितलं नसेल." पुढे त्यांनी पेटीवर हात फिरवला, तळाशी वाकून शाळेच्या बाकाची फळी पाहिली. जाताना बेगायिमला जवळ घेऊन म्हणाल्या, "या ट्रॅक्टरवालीसोबत येणारी सून माझ्या घरात मान खाली घालून राहणार नाही." मग त्या आणि झुराकान स्वयंपाकघरात इतक्या हसल्या की बेगायिमने दार लावून घेतलं.

तुम्हाला यातलं अवाक्षर कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलं आहे. झाकण उघडताना तुम्हाला त्या आपल्या शेजारी बसवणार आहेत. मी शब्द दिला आहे. पण पत्र आधीच लिहून झालं होतं, वाया कशाला घालवायचं? व्याहीबुवा, माझं ऐका, आजच त्यांच्याजवळ कबूल करून टाका. उगाच त्या दिवशी तुम्हाला भोवळ बिवळ आली तर पोरीच्या लग्नात विघ्न. माझी काळजी मिटली आहे. ती आता तुमच्याकडे आली आहे, सांभाळून घ्या.

ता. क. दुसरा. पेटी आत आली की तिच्या जागेवर तुम्ही हौसेने घेतलेला तो तुर्की सोफा त्याच दिवशी अंगणात जाणार, असंही विहीणबाई म्हणत होत्या. मी परतभेटीत त्यावर बसलो होतो तेव्हा खाली हात घालून पाहिलं, कापड भिकार आहे, पण पाय बीचच्या लाकडाचे आहेत. वरून मेणकापड तेवढं घाला. हातगाडी घेऊनच मी लग्नाला येतो.