बल्गेरियाचे पाहुणे

प्रिय तहसीन,

हे लोणच्याच्या काकड्या आणायला बाजारात गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. फोनवर मोकळेपणी बोलायची सोयच नाही. तुझा फोन आला की हे टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि ठार बहिरे असल्यासारखे भिंतीकडे बघत बसतात.

काल फोनवर किती चिडला होतास रे! बाबांसाठी पुढच्या रांगेत राखलेली खुर्ची याही शनिवारी रिकामीच. त्यात गिरक्यांचा सेमा संपला, कुराणपठण झालं, तुम्ही सगळे दरवेश एकेक करून बाहेर पडत होतात, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि मागून कुणी अडाणी टुरिस्ट टाळ्या पिटायला लागला. “माझं माणूस येत नाही, आई, आणि येतात ते हे असले! त्यापेक्षा अंताल्याचं हॉटेल बरं. शुक्रवारी निघतो,” म्हणालास.

ह्यांचा राग तुला ठाऊकच आहे. मीठ पसरलेल्या फळीवरचा खिळा डाव्या पायाच्या बोटांत धरून, पाय जराही उचलू न देता ह्यांनी तुला गिरक्या घ्यायला शिकवलं, आणि तोच पाय तू अंताल्याच्या हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे नाचवलास, असं ह्यांच्या मनानं घेतलं. ते कळलं त्या दिवशी ताटावरून उठले होते. तेव्हापासून घरात तुझं नाव नाही. पोटाला लागतं म्हणून गेला तो, असं मी कितीदा सांगितलं, पण ऐकतंय कोण! तू कोन्याला परत आलास, दर शनिवारी रीतसर सेमात उभा राहायला लागलास, तरी हे ढिम्म.

आणि परवा शनिवारी सकाळी म्हणतात कसे, “मकबुले, आवर. जरा फिरून येऊ.” कुठं, तर परदेशी पाहुण्यांच्या बसमधून! शेजारच्या हिकमतचा भाचा ती बस चालवतो, त्याला आधीच गाठून ठेवलेलं. ऐन थंडीत डोक्यावर उन्हाळी टोपी, काळा चष्मा, गळ्यात तुझ्या मामाचा बंद पडलेला कॅमेरा. ज्याला कोन्यातली कुत्री-मांजरंसुद्धा ओळखतात, तो माणूस गाईड मुलीला सांगतो, आम्ही बल्गेरियाचे! ती बिचारी सावकाश समजावत बसली, “काका, काळा झगा म्हणजे कबर, उंच टोपी म्हणजे तिच्यावरचा दगड. आणि टाळ्या अजिबात वाजवायच्या नाहीत हं.” जन्म त्यात घालवलेले हे मान डोलावून म्हणतात, “अस्सं होय! बरं झालं सांगितलंस, पोरी.” मी रुमाल तोंडात कोंबून बसले.

सभागृहात बासरी सुरू झाली तसा ह्यांनी चष्मा काढला. तुमचे झगे खाली पडले, पांढरे घेर उलगडले. माझं बघशील तर मी नुसती तुझ्या तोंडाकडे बघत होते, किती वाळलायस रे. हे मात्र सारा वेळ तुझ्या डाव्या पायाकडे. मध्येच पुटपुटले, “उचलला नाही. पोरानं पाय उचलला नाही.” मग माझा हात असा घट्ट धरला की अंगठी रुतली.

शेवटी दारापाशी तू मागे वळून वाकलास आणि शेजारी टाळ्यांचा आवाज झाला. मी दचकून बघितलं. कुणी टाळी वाजवली की आयुष्यभर डोळे वटारत आलेले तुझे बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते रे! डोळ्यांतून धारा. गाईड धावत आली, “काका! सांगितलं होतं ना!” तर लालबुंद होऊन म्हणतात, “चुकलं, पोरी. आम्ही बल्गेरियाचे.” बसमध्ये मी विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, “मला काय विचारतेस? हातांना विचार.” आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही, अशी मला शपथ घातली. मी काढला नाहीच. लिहू नकोस असं काही ते म्हणाले नव्हते, म्हणून हिकमतच्या भाच्याच्या हाती हे पाठवतेय. शुक्रवारी जाऊ नकोस, बाळा. येत्या शनिवारीही ती टोपी खुंटीवरून निघणार आहे, सकाळीच तिला ब्रश मारत होते. खुर्ची राखायचीच असेल तर मागच्या रांगेत राख.

तुझीच,
बल्गेरियाची आई