दोन टोकांचा ओंडका

मी, या घराची मालकीण, अविवाहित, धंद्याने लाकूड कापणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असं वकील म्हणाले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला कोणी येतंच कुठे. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात फळ्यांची वाटणी होती. त्या फळ्या आता कधीच निघणार नाहीत. म्हणून ते मृत्युपत्र रद्द समजावं आणि हेच खरं धरावं.

एक. घर. दोन खोल्या, मागचं अंगण आणि पत्र्याची शेड मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला देते. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि इतकी वर्षं माझी औषधं पोचवायला तीच येते. स्वयंपाकघराचं दार दमट हवेत अडकतं. कोणी कितीही सांगितलं तरी त्याला रंधा मारू नये, हवा कोरडी झाली की ते आपोआप सुटतं. ती घर विकेल हे मला माहीत आहे. खुशाल विकावं. फक्त गिऱ्हाइकाला "मागे अंगण आहे" असं सांगावं, "मागे कचरा पडलाय" असं सांगू नये.

दोन. बँकेतली शिल्लक आधी दवाखान्याची. उरलं तर भाचीचं. उरणार नाही.

तीन. माझ्या सगळ्या कानशी समोरच्या गल्लीतल्या धारवाल्याला द्याव्यात. माझ्या करवतीच्या साखळीला त्याने आयुष्यभर धार लावली, आणि दर वेळी "हे बाईमाणसाचं काम नव्हे" असा सल्लाही दिला. कानशी त्याने ठेवाव्यात. सल्ला मी परत करते.

चार. चौकातल्या वखारवाल्याला काहीही देऊ नये. तो सांत्वनाला येईल, गळा काढेल, आणि डोळे पुसता पुसता अंगणाकडे बघेल. त्याला पाणी द्यावं आणि पुढच्या दारानेच वाटेला लावावं.

पाच. ओंडका. याबद्दल सविस्तर लिहिते. वकिलांनी एवढं लागत नाही असं सांगितलं, पण मृत्युपत्र माझं आहे.

शाळेसमोरचा अक्रोड वादळात पडला. त्याचा बुंधा इतका जाड होता की लाकूड चिरायच्या कोणत्याही गिरणीच्या आऱ्यावर बसेना. वखारवाला म्हणाला, मधोमध उभा चिरा आणि मग माझ्याकडे आणा. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो अख्खा हवा होता. एवढ्या रुंदीची फळी पुन्हा बघायला मिळणार नाही, आपण एकाच फळीचं जेवणाचं टेबल करू, सगळे एका लाकडावर जेवू, असं ते म्हणायचे. त्यांनी क्रेन लावून ओंडका अंगणात आणला. ओंडके आम्ही घरीच कापत असू. लांब पात्याची साखळीची करवत, आणि तिच्यावर चढवायची लोखंडी चौकट, जी भावाने स्वतः जोडली होती. चौकटीमुळे पातं सरळ जातं आणि फळी सगळीकडे सारख्या जाडीची निघते. करवतीवाचून चौकट म्हणजे भंगार. चौकटीवाचून करवत नुसतं सरपण पाडते. करवत मी धरायची, पलीकडचा दांडा तो धरायचा. आमचं पटत नसे, पण फळी सरळ निघत असे.

ओंडका आला आणि दादा अंथरुणाला खिळले. भावाला ओंडका वखारवाल्याला विकायचा होता, मला कापायचा होता. दादांच्या उशाशी रोज तोच वाद. शेवटी दादांनी वाटणी केली. करवत मला, चौकट भावाला. ओंडक्याचं बुंध्याकडचं टोक माझं, शेंड्याकडचं त्याचं. अशाने तरी आम्हाला एकत्र यावंच लागेल, असा त्यांचा हिशोब होता. सालीवरून आतलं लाकूड सांगणारा माणूस, त्याला पोटची पोरं ओळखता आली नाहीत. दादा गेले, आणि भाऊ चौकट टेम्पोत घालून गावाच्या पलीकडच्या भागात राहायला गेला.

ओंडका लगेच कापायचा नसेल तर त्याच्या दोन्ही तोंडांना जाड रंग फासून ठेवतात. नाही तर लाकूड तोंडाकडून भराभर वाळतं, तडकतं, भेगांतून पाणी शिरतं आणि आत कूज धरते. माझ्या टोकाला मी रंगाचे दोन हात मारले. दुसरं टोक त्याचं होतं. डब्यात रंग उरला, तो मी न्हाणीघराच्या दाराला लावला.

पुढे नुसतं भिजत घोंगडं. भाची मोठी झाली तसे तिच्या हाती निरोप येऊ लागले. तो म्हणे, करवत पाठव, मी माणूस लावून कापून घेतो. मी म्हणे, चौकट पाठव, मीही माणसं लावू शकते. भाची एकदा वैतागून म्हणाली की तुम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही. ओंडक्याभोवती गवत वाढत गेलं. मी त्यावर धुणं वाळत घालत असे, म्हणजे माझ्या अर्ध्यावर.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या बाबतीत हात टेकले, तेव्हा भाची बापाला घेऊन आली. टेम्पोत चौकट होती, गंज घासून काढलेली. आम्ही एकमेकांची विचारपूस केली नाही, सरळ कामाला लागलो. पहिल्या कापाला ओंडक्याच्या पाठीवर शिडी आडवी बसवतात, म्हणजे चौकटीला सरकायला सपाट वाट मिळते. शिडी त्याने बसवली. करवत सुरू करायची दोरी मला ओढवेना, ती त्याने ओढली. मी माझी मूठ धरली, त्याने दांडा. भाची मागून कापात पाचरी घालत होती. सालीकडची पाठ सुटली, आम्ही ती ढकलून बाजूला पाडली, आणि खाली लाकूड निघालं ते गडद, दाट, पाण्यासारख्या रेषांचं. मला रडू आलं. दादांचं टेबल तिथे होतं, मी ते बघितलं. इतका आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवते.

दुसऱ्या कापाला पातं एकदम हलकं झालं. करवतीचा आवाज चढला. अशा वेळी काय झालेलं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी आम्ही शेवटपर्यंत ढकलत नेलं. फळी उचलायला गेलो तर ती मधून मोडली आणि आतून काळा चुरा ओघळला. कूज त्याच्या टोकाकडून शिरली होती आणि गाभ्यातून चालत पार माझ्या टोकापर्यंत आली होती. माझ्या टोकावरचा रंग शाबूत होता. त्याच्यामागचं लाकूड नखाने खरवडता येत होतं.

भावाने करवत बंद केली. आपल्या टोकाच्या भेगांत त्याने बोटं घातली.

"ताई, इकडे रंग नाही लावलास?"

"ते तुझं टोक होतं."

"मला वाटलं, तू लावशील."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. माझं उत्तर तयार होतं. पण तो खरंच तसं समजत आला होता, इतकी वर्षं, आणि मला आधीचं सगळं भांडण त्यापुढे फार लहान वाटलं. त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात ती फुप्फुसांमुळे लागत नाही.

तर ओंडका कोणालाच देत नाही. तो पडला आहे तिथेच पडू द्यावा. भाचीने हवं तर माती म्हणून कुंड्यांत घालावा.

सहा. साखळीची करवत मी धाकट्या भावाला देते. म्हणजे करवत आणि चौकट एकदाची एका ठिकाणी येतील. कापायला काही उरलेलं नाही, हे मला कळतं.

सात. दादांवरचा माझा राग कोणाच्या नावे करावा ते ठरत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

आठ. वर लिहिल्यापैकी कलम सहा रद्द करावं लागत आहे. त्याचं कारण असं. साक्षीदार म्हणून मी धारवाल्याला बोलावलं होतं. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. धारवाला कानशी सोडायला तयार होईना, आणि त्याचंही बरोबर आहे. भाऊ पायरीवर बसून हे कागद वाचत होता. तो वर न बघता म्हणाला, "मग माझं नाव काढ."

मी सांगितलं, काढलं तर करवत मिळणार नाही, घरातलं काहीच मिळणार नाही.

"वाटणीत एकदा मिळालं ना? पुरे झालं," तो म्हणाला. "सहीला तरी मला घे."

म्हणून करवत भाचीला जाईल, तिने ती भंगारात घालावी. कलम सहावरची रेघ मीच मारली आहे. ती वाकडी आली. त्याचा अर्थ मी शुद्धीत नव्हते असा कोणी लावू नये.

ठिकाण: मागचं अंगण.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: वकिलांचा कारकून. मला आजच भेटला. (सही)

साक्षीदार दुसरा: माझा धाकटा भाऊ. या मृत्युपत्रान्वये त्याला काहीही मिळत नाही. (सही)