साखरेच्या डब्यातला अंधार

३ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. प्रयोग करणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. संकल्प: महिनाअखेर रेडिएशन मोजणारं यंत्र तयार. विकतचं नाही, घरी बनवलेलं. तत्त्व अगदी सोपं आहे. क्रिस्टलवर अदृश्य किरण आदळला की आत बारीक ठिणगी पडते. क्रिस्टलला चिकटवलेली काचेची नळी ती ठिणगी पकडते आणि आकडा वाढतो. अट एकच, नळीला बाहेरच्या उजेडाची तिरीपही लागता कामा नये. चहा पिताना हे सगळं हिला समजावून सांगितलं. ऐकून घेऊन ही म्हणाली, गळ्यापाशी हाताला गाठ लागतेय, डॉक्टरांना दाखवायला हवं. दाखवू म्हणालो. शास्त्राची आवड उपजतच असावी लागते.

९ जानेवारी
नळी आली. जुनी, पण अस्सल. दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही. मी काय परत द्यायला घेतोय?
आता नळीला घर हवं. पूर्ण काळोखाचं. स्वयंपाकघरात हिचा साखरेचा स्टीलचा डबा दिसला. नळी आत अशी बसली की जणू माहेरी आली. साखर पातेल्यात ओतून ठेवली. संध्याकाळी पातेल्यात मुंग्या. ही साखर निवडत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका समजूतदार होतात.

१५ जानेवारी
डब्याला वायरीसाठी भोक पाडलं. ड्रिल सटकलं, भोकं दोन झाली. दुसरं हवा खेळायला, असं नंतर ठरवलं.

१८ जानेवारी
क्रिस्टल पिवळा पडला. त्याला ओलावा सोसत नाही, हे कागदावर लिहिलेलं होतं, पण फार बारीक अक्षरात. दोष इथल्या हवेचा. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा क्रिस्टल मागवला.
डॉक्टरांकडे ही एकटीच जाऊन आली. मी विचारणारच होतो.

२५ जानेवारी
नवा क्रिस्टल. डबा बंद, वर काळी टेप. यंत्र चालू केलं आणि आकडे सुसाट सुटले! घरात किरणोत्सर्ग! हिची धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत राहते, तिला फोन केला. ती स्वयंपाक टाकून धावत आली. आत येताना तिचा धक्का लागून खोलीतला दिवा बंद झाला. आकडे धपकन खाली. दिवा लावला, वर. उजेड दुसऱ्या भोकातून आत जात होता. हात दाखवून अवलक्षण.
मेहुणी म्हणाली, भावोजी, दिवा लागलाय की नाही एवढंच हे यंत्र सांगत असेल, तर ते आम्हाला बटणावरून कळतं. दोघी बहिणी खूप हसल्या. ही बऱ्याच दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, गुरुवारी गळ्याचं स्कॅन आहे, आधी काहीतरी इंजेक्शन देतात, बरोबर याल ना? म्हणालो, हे काय विचारणं झालं!

३० जानेवारी, गुरुवार, सकाळ
दुसरं भोक कायमचं बुजवलं, झाकणही सील लावून चिकटवलं. पण सील वाळेपर्यंत झाकण दाबून धरावं लागतं. अशा वेळी उठून कसं जाणार? हिला म्हणालो, थोडं थांबता येईल का त्यांना? ही म्हणाली, राहू दे. बहिणीबरोबर गेली. आमच्यात कोणी कोणावर लादत नाही.

तोच दिवस, दुपार
जमलं! दिवा लावला, आकडा तीस. बंद केला, तीस. खिडकी उघडली, तीस. एवढे किरण कुठेही असतातच. टाळी वाजवली. घरात कोणी नसलं की टाळी फार मोठी वाजते. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. चहा केला, साखर सापडेना.

संध्याकाळ
सगळं मुसळ केरात. बाहेरच्या दाराची कडी वाजली आणि आकडा चढला. शंभर, हजार, आणखी वर. म्हणजे दारातून उजेड येतोय. डब्याला आणखी टेप लावली. ही स्वयंपाकघरात गेली, आकडा उतरला. चहा घेऊन माझ्या दाराशी आली, पुन्हा भडकला. चिडून म्हणालो, दारात उभी राहू नकोस, तुझ्यामागून उजेड येतो.
ही म्हणाली, उजेड नाही हो, मीच आहे. सकाळी टोचलंय ना. एक-दोन दिवस अंगातून किरण निघतील, म्हणालेत.
मग कप उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. म्हणाली, तुमचे आकडे बिघडायला नकोत.
आकडा हळूहळू खाली आला. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. महिनाभर ज्याची वाट पाहिली ती पहिली खरी नोंद ही. आकडा मात्र लिहिला नाही. चहा गोड होता.

१ फेब्रुवारी
ही कालपासून बहिणीकडे. रिपोर्ट आज मिळणार होता. संकल्प: स्वतःहून फोन करायचा आणि आधी रिपोर्टचं विचारायचं.
केला. हिनेच उचलला. यंत्र कसं चाललंय, म्हणाली. उत्तम म्हणालो. सील कसं पक्कं बसलं, तिच्या येण्याने आकडा कसा चढला, सगळं नीट समजावलं. ही हं, हं म्हणत होती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, रिपोर्टचं राहिलंच. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. मेहुणीलाही लावला. तिनेही नाही घेतला.
यंत्र चालू आहे. आकडा तीस. इंजेक्शनचा अंमल एव्हाना उतरला असणार. आता ही दारात येऊन उभी राहिली, तरी यंत्राला कळायचं नाही. मलाच बघावं लागेल.