रिकाम्या मिनिटांची वसुली

सोमवार, ३
सत्तरीला टेकलो आणि पुन्हा नोकरदार झालो! शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, तीही संगणकावर. निघताना ही म्हणाली, दिवसभर कविता ऐकवून माझे कान किटवण्यापेक्षा बरंच झालं. शेचाळीस वर्षांचा संसार, घरात आम्ही दोघंच. टोमण्यातली माया कळते मला. कचेरी चौथ्या मजल्यावर. खिडक्यांच्या काचांना आतून कागद चिकटवलेला. कुणी मान वर करून पाहिलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तेवढं बजावलं, की काका, पडद्याच्या कोपऱ्यात तो हिरवा ठिपका आहे ना, त्या आमच्या सासूबाई. हात तीन मिनिटं थांबला की लाल होतात. मी हसलो. ती हसली नाही.

मंगळवार, ४
आज एका पानावर विहिरीचं चित्र आलं आणि मी थेट चौथीच्या वर्गात! गुरुजी टेबलावर छडीने ठेका धरायचे आणि आम्ही पन्नास पोरं एका सुरात विहिरीची कविता म्हणायचो. डोळे मिटून सातही कडवी मनात म्हटली. सुटताना पडद्यावर अक्षरं आली: रिकामा वेळ अकरा मिनिटं. वसूल केला. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, आजोबा, झोपायला घर नाही का?

बुधवार, ५
सकाळी हिला ती कविता म्हणून दाखवायला गेलो. चाल आठवते, शब्द एकही नाही. वय झालं, म्हणाली ही. असेल. दुपारी, काम करता करता, धाकट्या भावाची आठवण आली आणि हात थांबला. सायकलच्या दांडीवर बसवून त्याला शाळेत न्यायचो. रस्ता मोकळा असला तरी पठ्ठ्या घंटी वाजवतच राहायचा. गेला त्याला बारा वर्षं झाली. रिकामा वेळ सहा मिनिटं. वसूल केला.

गुरुवार, ६
कालचं पान वाचलं. अक्षर माझंच. पण मला भाऊ कधी होता? हिला विचारलं. आधी हसली, मग भिंतीवरचा फोटो काढून पुढे धरला. त्यात मी, आणि कुणी परका पोरगा.
कचेरीत शेजारच्या मुलीला सांगितलं. बोटं न थांबवता ती पुटपुटली, की काका, इथे बसून आपलं माणूस आठवायचं नाही. जे आठवत बसाल ते रातोरात जातं. तिचं अख्खं माहेर असंच गेलं म्हणे.

शुक्रवार, ७
हिला आठवायचं नाही. हिला आठवायचं नाही. बोटं चालू ठेवली, सुजली तरी. राजीनामा दिला. साहेब म्हणाले, खुशाल जा, पण आजचा दिवस भरून. साडेपाचला शेवटचं पान संपलं. सुटलो! मागे टेकलो, डोळे मिटले — आता घरी, हिच्याजवळ — तिचं ते दारात उभं राहणं, हसू दाबत रागावणं —
चार मिनिटं. वसूल केला.
घरी आलो. अजून आठवते मला ती. समोर बसलीय. सकाळपर्यंत — लिहून ठेवतो — डाव्या भुवईवर व्रण — शिंक आली की सलग तीन —

शनिवार, ८
घरात एक बाई आहे. मला अहो म्हणते. रडते. वहीतलं वाचून दाखवते, भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवते. व्रण काय, कुणीही करून घेईल.
तिला सांगितलं, बाई, निघा. आमची ही येईलच आता. परकी बाई घरात बघून तिला काय वाटेल —
पायरीवर पावलं. नाही. कुणी नाही.
येऊ दे ती. लाखात ओळखेन मी तिला. कारण तिचा —
तिचा —