मागचं मडगार्ड

गिरगाव, ४ जुलै १९५६

तीर्थस्वरूप दादास, राजलक्ष्मीचा शि. सा. न.

वहिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. आमची लीला चौथीत गेली. मी मात्र धुण्यापायी हैराण आहे.

ह्यांच्या सायकलीला मागचं मडगार्ड नाही. जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबाराच्या दिवसांत, गिरणीच्या ऑफिसखालून चोरीला गेलं, असं म्हणाले होते. तेव्हा मी मान डोलावली. आता वाटतं, पुढचं तसंच ठेवून मागचंच तेवढं सोडवून नेणारा हा कसला चोर? पाऊस लागल्यापासून सांगते आहे, नवं बसवा; गिरगाव ते परळ रोजचं जाणं, शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उठतो. तर राहू दे म्हणतात. इस्त्री मोडली तरी ज्यांचा पारा चढतो, ते राहू दे म्हणतात!

शिवाय चिखल दोन जातींचा. परळचा काळा, तो साबणाने जातो. त्याच्यावर दुसरा, करडा. वाळला की पांढरी पूड सांडते. मावशी वडाळ्याला मिठागरांजवळ राहायची तेव्हा आपल्या पायांना लागायचा, तोच. परळहून घरी येताना वडाळा कुठे लागतो? येतातही दोन तास उशिरा. गिरणीत काम फार आहे, म्हणतात. शेजारच्या नलूताईंचे यजमान त्याच गिरणीत, त्याच खात्यात. ते सहाला घरी असतात.

मी विचारलेलं नाही. खोटं ऐकायचं आणि गप्प राहून ताट वाढायचं, हे मला जमणार नाही. काय करू ते कळव.

तुझी माया आहे तशीच राहो.

राजलक्ष्मी

पुणे, ९ जुलै १९५६

चि. सौ. राजीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुझ्या वहिनीपासून लपवून. नाहीतर ती उद्याच मुंबईला निघाली असती. लहानपणी माझ्या खिशांचा वास घेऊन पेपरमिंट कुणी खाल्लं ते तू सांगायचीस. आता नवऱ्याचा चिखल हुंगतेस!

थट्टा राहू दे. तो चोर मलाही पटला नाही. कमलाकांतरावांबद्दल मनात नाही नाही ते आलं, मग माझी मलाच लाज वाटली. तू असं कर, मडगार्ड तूच आण आणि त्यांना न सांगता सायकल मिस्त्रीकडे ने. पत्रा कसा निघाला ते त्याला कळेल. मग जे विचारायचं ते त्यांनाच विचार, नलूताईंना नव्हे.

घाबरू नकोस. मी आहे.

तुझा मनमोहन

गिरगाव, १६ जुलै १९५६

ती. दादास, शि. सा. न.

काल जेवून हे झोपले आणि मी नवं मडगार्ड घेऊन सायकल कोपऱ्यावरच्या दगडू मिस्त्रीकडे नेली. त्याने मागचं चाक बघितलं. मग म्हणाला, वहिनी, चोरीबिरी काही नाही, मीच काढलं ते. साहेबांनी जानेवारीत आणलं तेव्हा पत्र्याला आरपार भोक होतं, आणि रक्त. कागदात गुंडाळून घेऊन गेले, कुणाला बोलू नकोस म्हणाले.

नवं मडगार्ड तसंच घरी आणून मी ह्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि सगळं सांगितलं.

गोळीबाराच्या दिवशी गिरणीचं काम बंद पडलं. ह्यांना मोर्चा बघायचा होता. गिरणीतला पट्टेवाला भिवा घरी निघाला होता, यायला तयार नव्हता. बस रे मागे, नुसतं बघून येऊ, म्हणून ह्यांनीच त्याला कॅरिअरवर बसवलं. लालबागेत पळापळ झाली. गोळी भिवाच्या पायातून मडगार्डात घुसली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वडाळ्याला त्याच्याच घरी हे रोज जातात; बसून हजेरी लिहायचं काम मिळावं म्हणून त्याला लिहिणं आणि हिशेब शिकवतात.

मडगार्ड का नको, विचारलं. म्हणाले, माझ्या पाठीमागे बसला त्याचा पाय गेला; माझी नुसती पाठ मळते. चिखलाने काय होतंय.

दादा, माझ्या मनात काय काय आलं होतं ते आता तुलाही सांगवत नाही. पण एक शंका उरलीच. भिवाच्या बायकोला, बकुळाला, तुम्हीच त्याला नेलंत हे ठाऊक आहे का, असं विचारलं तर म्हणाले, नाही. भिवाने तिला सांगितलंय की मी आपणहून गेलो, साहेबांनी मला वाचवलं. मी म्हटलं, रविवारी मीही येते. आणि तुम्ही तिला खरं सांगायचं.

आशीर्वाद असू दे.

राजलक्ष्मी

गिरगाव, ६ ऑगस्ट १९५६

ती. दादास, शि. सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

त्या रविवारी गेलो. बकुळा ह्यांना देवासारखं मानते, आल्याबरोबर चहा टाकला. ह्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. भिवा मध्येच म्हणाला, साहेब, कशाला आता? बकुळाने नवऱ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. आवाज न चढवता म्हणाली, सहा महिने माझ्या हातचा चहा प्यालात ना? आता येऊ नका.

दोन आठवडे हे सहाला घरी. लीलाशी खेळायचे नाहीत, पेपर उघडून नुसते बसायचे. शनिवारी मला न सांगता मडगार्ड बसवून आणलं. मला वाटायचं, त्यांना गप्पच राहू दिलं असतं तर भिवाचं शिकणं तरी तुटलं नसतं. स्वतःचाही राग यायचा.

काल भर पावसात दारात बकुळा. पत्ता विचारत वडाळ्याहून आलेली. आत ये म्हटलं, आली नाही. पदराखालून भिवाची हिशेबाची वही काढली आणि माझ्या नव्हे, ह्यांच्या हातात दिली. म्हणाली, आमच्या घरधन्यांनी एकट्यानेच सोडवलंय, बरोबर आहे का बघून ठेवा. मी गुरुवारी येईन न्यायला.

जिना उतरून गेलीसुद्धा. हे अजून लाल पेन्सिल घेऊन बसलेत. एकच चूक सापडली, म्हणाले, आणि ती कशी समजवायची ते पानभर लिहिताहेत.

वहिनीला नमस्कार, आणि तुला तुझ्या संशयी बहिणीचा.

राजलक्ष्मी