चोवीसशे चौदा

9 जानेवारी 2025
इतवारी, नागपूर

श्री. सुशील यांस,

नमस्कार. पत्र पाहून आश्चर्य वाटेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद धरला. पत्ता आपल्या जुन्या ओळखीच्या यमुताईंनी दिला. त्या तुझ्या दुकानासमोरच राहतात, हे मला आत्ताच कळलं.

इकडे सर्व ठीक आहे. शामलाचा गुडघा थंडीत कुरकुर करतो. मुग्धा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅरेजसमोरची गल्ली हातठेल्यांनी अजून तशीच तुंबलेली असते. नानाजींना शहाऐंशी वर्षं पूर्ण झाली. सकाळी चहात बिस्किट बुडवून ठेवतात आणि विसरतात, पण गाड्यांबद्दल विचारलं तर सगळं आठवतं.

तुझं खापा इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे, तरी बावीस वर्षांत आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. कोणामुळे, ते तुला ठाऊक आहे. ते उकरून काढायला मी हे पत्र लिहीत नाही.

कारण वेगळं आहे. फेब्रुवारीत इथे जुन्या गाड्यांचा मेळावा भरतोय. नानाजींची फोक्सवॅगन बीटल, आपली 'कासवीण', त्यात उतरवावी असं घरात ठरलं. नानाजींना तिच्यात बसवून एक फेरी मारून आणायची. पुढच्या वर्षी ते असतील, नसतील. पण फॉर्मवर एक रकाना आहे: इंजिन मूळचं आहे का? नंबर लिहा, फोटो जोडा.

आता तूच सांग, त्या रकान्यात मी काय लिहू?

इंजिनावर ठोकलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे चोवीसशे चौदा. गाडीच्या आर.सी. पुस्तकात अठ्ठावीसशे अठ्ठ्याण्णव. पुढचं एफ अक्षर आणि सुरुवातीचे आकडे तेच. म्हणजे ज्यानं अदलाबदल केली, त्यानं त्याच साली बनलेलं जुळं इंजिन शोधून आणलं. असं काम येरागबाळ्याचं नाही. ज्याचा हात बसलेला आहे, त्यालाच ते जमतं, आणि इतवारीत त्या वेळी असा हात एकाचाच होता.

पुस्तक डुप्लिकेट आहे हे मला माहीत आहे. ते कोणी केलं, कसं केलं, हा प्रश्न इथे येत नाही.

त्या हैदराबादच्या गृहस्थांना तू विसरला नसशील. जुन्या पोर्शेचं इंजिन फुटलं म्हणून आपल्या गॅरेजात आले होते. आपण दोघं टायरवर बसलो होतो आणि नानाजींनी त्यांना नेहमीचं व्याख्यान दिलं. पोर्शे काय आणि फोक्सवॅगन काय, दोघींचं मूळ एकच. पहिल्या पोर्शे गाड्या फोक्सवॅगनच्याच इंजिनावरून घडल्या, पुढेही एका मॉडेलला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. चार पिस्टन आडवे, दोन इकडे, दोन तिकडे. समोरासमोरचे एकाच वेळी दूर जातात आणि एकाच वेळी जवळ येतात, म्हणून त्याला बॉक्सर म्हणायचं. ते गृहस्थ कौतुकानं ऐकत होते, पण त्यांची नजर आपल्या कासविणीच्या मागच्या झाकणावर, म्हणजे इंजिनावर होती. मी तेव्हाच ती टिपली. तू त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलास आणि अर्ध्या तासानं परत आलास. अर्धा तास काय बोललात?

आणि पुढच्याच आठवड्यात मी भिवापूरला लग्नाला गेलो. परत येऊन पाहतो तर इंजिनाचे चारही नट पुसलेले, चकचकीत. ही इंजिनं चार नटांवर उतरतात, हे तूच मला गमतीनं म्हणायचास: "विकू, दोन जण असले तर चहा थंड व्हायच्या आत दुसरं बसवून देऊ गा." तू म्हणालास, ऑइल सील गळत होतं, ते बदललं. मी नंबरावरचं तेल पुसून तो पुस्तकाशी ताडून पाहिला. पुढचं तुला माहीत आहे.

परवा मुग्धा मोबाइलवर दाखवत होती. परदेशात लोक जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये सुबारूचं बॉक्सर बसवतात आणि ते धावतंसुद्धा. टोयोटाच्या एका स्पोर्ट्स गाडीत तर कंपनीच सुबारूचं बॉक्सर घालते. कंपन्यांनी राजरोस केलं तर त्याला करार म्हणतात. घरात गुपचूप झालं तर त्याला काय म्हणायचं, ते तू ठरव.

नानाजींचं ऐक. दिवाळीत गाडी चालू केली. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मान हलवली आणि म्हणाले, "हा आवाज आपला नाही गा." त्यांच्या कानाला पुस्तक लागत नाही. माझ्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

यमुताई म्हणतात, तुझ्या दुकानात मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी इंजिनासारखं झाकून ठेवलंय. मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो.

मूळ इंजिन कुठे आहे, एवढं एका ओळीत कळव. झालं गेलं मी सोडून देईन. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गाडीत बसवायचं आहे, दुसऱ्याच्या नाही.

आपला,
विक्रम नानाजी डाखोळे


१३ जानेवारी २०२५
इतवारी

सुशा,

गुरुवारी पाठवलेलं पत्र तुला मिळालं असेल. मिळालं नसेल तर पोस्टमनकडून घेऊ नकोस, असं आधी लिहिणार होतो. पण नको. घे आणि पूर्ण वाच. हा विकू किती सभ्य शब्दांत किती घाण लिहू शकतो, ते तुझ्याकडे लेखी असू दे.

वर तारीख मराठी आकड्यांत घातली आहे. मी असं कधी लिहीत नाही, तुला माहीत आहे. कारण सांगतो.

काल दुपारी मुग्धा मेळाव्याचा फॉर्म भरत बसली होती. मी म्हटलं, पुस्तक, इंजिन, सगळं एकदा तिसऱ्या ठिकाणी ताडून बघू, म्हणजे तुझ्या उत्तराआधीच माझा पुरावा पक्का. नानाजींच्या ट्रंकेतून त्यांची सत्तरची डायरी काढली, गाडी घेतली त्या वर्षीची. त्यात इंजिन नंबर शाईनं लिहिलेला. मुग्धानं मोठ्यानं वाचला: "एफ, झिरो, थ्री, झिरो, टू... एट, नाइन, एट."

म्हणजे पुस्तक खरं आणि इंजिन खोटं. मला आनंद झाला, सुशा. खोटं कशाला बोलू? आनंदच झाला.

मग चष्मा लावून डायरी हातात घेतली. नानाजींनी एफ तेवढा इंग्रजीत लिहिलाय. पुढचे आकडे मराठी. मराठी चार. मराठी एक. पुन्हा मराठी चार. चोवीसशे चौदा. पोरीनं चाराला इंग्रजी आठ वाचलं आणि एकाला नऊ. मी तिच्यावर ओरडलो, "बाप मराठी, आजोबा मराठी आणि तुले मराठी आकडे येत नाहीत?"

ती म्हणाली, "बाबा, पुढे एफ आहे ना. मला वाटलं, सगळं इंग्रजीच आहे."

मग मला डुप्लिकेट पुस्तकाचा फॉर्म आठवला. चौऱ्याण्णव साली जुनं पुस्तक पावसात भिजून लगदा झालं. डुप्लिकेटचा फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. नानाजी म्हणाले, सुशाकडून भरून घे, त्याचं अक्षर चांगलं. मी म्हणालो, म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या पोराले इंग्रजी फॉर्म काय भरता येते? तू तिथेच उभा होतास, हातात ग्रीसचा डबा घेऊन. मग ही डायरी समोर ठेवून तो फॉर्म मी भरला. मी, कॉन्व्हेंटचा विक्रम.

मागच्या पत्रात लिहिलं की डुप्लिकेट कोणी केलं, हा प्रश्न इथे येत नाही. तो प्रश्न मला नको होता. का नको होता, हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

इंजिन तेच आहे. पहिल्या दिवसापासून तेच. तू खरंच ऑइल सील बदललं होतंस.

आणखी एक लपवलं. नानाजी फक्त "हा आवाज आपला नाही" एवढं म्हणाले नव्हते. पुढे म्हणाले होते, "टॅपेट वाजून राहिले. सुशाले बोलाव." पहिला अर्धा मी पुरावा म्हणून वापरला आणि दुसरा गिळून टाकला. गाडी चालू केली की दर वेळी ते हेच म्हणतात. बावीस वर्षं म्हणतायत. झडपांच्या टॅपेटची फट कानानं लावणारा गॅरेजात तूच होतास. मी फटीत मापपट्टी घालून लावतो, तरी ते वाजतातच.

ताडपत्रीखाली यमुताईंच्याच शेतातली पाण्याची मोटर आहे, दुरुस्तीला आलेली. त्यांना आज फोन केला तेव्हा त्या हसल्या आणि मग चिडल्या. म्हणाल्या, "मले पाळतीवर बसवलं काय गा तुम्ही?" बसवलंच होतं.

आता ते, जे मी कधीच लिहिणार नव्हतो. त्या दिवशी तू जेवत होतास. शामलानं पाटोडीचा रस्सा केला होता. नानाजी, शामला, सगळे समोर. आत्या गेली तेव्हा सहा वर्षांचा तू आमच्याकडे आलास, तेव्हापासून आपण एकाच पंगतीला बसायचो. आणि मी तुझ्या ताटासमोर उभा राहून म्हणालो, "खाल्ल्या घरचे वासे मोजते हा." तू उठलास. हात धुतलास, ताटाला नमस्कार केलास आणि गेलास. पाटोडीची एक वडी अर्धी तुटलेली होती. शामला ते ताट संध्याकाळपर्यंत उचलत नव्हती. मला राग आला होता की ती का उचलत नाही.

माफी माग असं शामला म्हणते. मागतो. पण ती मागून मी मोकळा झालो असं तू समजू नकोस, मीही समजणार नाही.

येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, मी नानाजींना कासविणीत बसवून खाप्याला आणतोय. मेळावा गेला खड्ड्यात, फेरी मारायची तर तीच. अकराच्या सुमारास तुझ्या दुकानासमोर गाडी चालू ठेवून उभा राहीन. शटर पाडून ठेवायचं असेल तर ठेव, तुझा हक्क आहे. टॅपेटचा आवाज शटरमधूनही आत येतो. नानाजी म्हणतात, "त्याले राहवणार नाही." मला तसं म्हणायचं तोंड नाही.

आलास तर एक अडचण आहे, ती तुला माझ्याहून चांगली माहीत आहे. टॅपेट गरम इंजिनावर लावत नाहीत. ते थंड व्हायला दोन-तीन तास जातात. तेवढा वेळ आपल्याला बसावंच लागेल.

शामला पाटोडी देणार आहे, भिवापुरी मिरचीचा रस्सा वेगळ्या डब्यात. तिनं ताट इथूनच द्यायचं म्हटलंय. तुझंच, कडेला पोचा आलेलं. बावीस वर्षं ते तिनं दुसऱ्या कोणाला वाढलं नाही, हे मला काल कळलं.

तुझं जेवण अर्धं राहिलंय, सुशा.

तुझा,
विकू
(फॉर्म भरणारा)